पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र: आकडे कुलपात नकोत

मा. पर्यावरणमंत्री,
स. न. वि. वि.

निसर्गाची नासाडी भांडवलशाहीने जास्त केली की साम्यवादाने, हा वाद मी कित्येक वर्षं ऐकतो आहे. एकाने सोव्हिएत राजवटीत आटलेल्या अरल समुद्राचं नाव घेतलं की दुसरा जपानमधलं मिनामाता काढतो, आणि विषय तिथेच विझतो. मला ही दोन्ही नावं शेजारी ठेवून तुमच्याशी बोलायचं आहे.

मिनामाता हे जपानच्या किनाऱ्यावरचं गाव. माणसांचे हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. त्याआधीच मांजरं गरगर फिरून मरत होती. तिथल्या चिस्सो या रसायन कंपनीच्याच रुग्णालयातल्या डॉ. होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचं पारा असलेलं सांडपाणी एका मांजराच्या खाण्यात मिसळून पाहिलं. त्यालाही तेच झालं. म्हणजे कंपनीला कळलं होतं! तरी प्रयोग दडपला गेला आणि १९६८ पर्यंत पारा समुद्रात आणि तिथून माशांत जात राहिला. ती नऊ वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्या काळात किती घरांत, किती पोरांच्या ताटात ते मासे वाढले गेले असतील.

आता नफ्याला पाप मानणाऱ्यांकडे बघा. साम्यवादी पूर्व जर्मनीने १९८२ मध्ये पर्यावरणाची आकडेवारीच गोपनीय ठरवली. लिग्नाइट या हलक्या कोळशाच्या धुरात खोकणाऱ्यांनी आपण छातीत काय ओढतो हे विचारायचं कुणाला? पूर्व बर्लिनमध्ये काही तरुणांनी चर्चच्या आश्रयाने पर्यावरण ग्रंथालय चालवलं, तर १९८७ मध्ये गुप्त पोलिसांनी त्यावर छापा घातला. सोव्हिएत संघाने अरलला मिळणाऱ्या नद्या कापसासाठी वळवल्या, तेव्हाही कोळ्यांचं मत कुणी घेतलं नाही. समुद्र आटला, आणि त्याच्या काठच्या मुयनाक बंदरातली जहाजं आज वाळूत गंजत उभी आहेत.

इकडे नफा, तिकडे उत्पादनाचं लक्ष्य. पण घाण करणाराच तिचा हिशेबही ठेवत होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

भोपाळच्या दुर्घटनेनंतर अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून कारखान्यांना विषारी उत्सर्जनाचे आकडे जाहीर करायला लावले. तसा कायदा तुम्ही करा, आणि त्यातून सरकारी कारखान्यांना वगळू नका. तपासनीस कारखान्याच्या पगारावर नको, उद्योगखात्याच्या हाताखालीही नको. नाल्याच्या तोंडाशी जाऊन बाटलीत पाणी भरून आणायचा हक्क काठावरच्या कोळ्यालाही द्या. त्याची चाचणी फुकट व्हावी, आणि अहवालाची प्रत कारखान्याआधी त्याच्या हातात पडावी.

आपला,
एक नागरिक