सिरिंजवरच्या काळ्या रेघेबद्दल, ताई

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर उभं राहून आभार मानता येत नाहीत. मागे रांग लागलेली असते, कडेवर मूल असतं, आणि कुणी तोंड उघडलंच तर "बरं, आधी चिठ्ठी दाखवा" म्हणून तुम्ही कामाला लागता. म्हणून लिहून देतोय. खाडीच्या दोन्ही अंगांच्या गावांतून दर महिन्याला तुमच्याकडे औषधाला येणारे आम्ही पालक, घरात फिट येणारं मूल असलेले. पत्र उघड ठेवलंय, कारण ज्या घरात गेल्याच आठवड्यात पहिली आकडी आली असेल, त्यांच्याही ते हाती पडावं.

आधी त्या रेघेबद्दल.

१४ किलोचं मूल, चिठ्ठीवर सोडियम व्हॅल्प्रोएट या फिटवरच्या औषधाचं सिरप. तुम्ही बाटली लगेच पिशवीत टाकली नाहीत. मुलाला काट्यावर उभं केलंत आणि बिलाच्या पाठीमागे मोठ्या अक्षरात हिशोब मांडलात. ५ मिलीत २०० मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीत ४०. डॉक्टरांनी दिवसाचे २८० लिहिलेत, म्हणजे किलोमागे २०, जुळतंय. दोन वेळांत वाटले की १४०. आणि १४० म्हणजे ३.५ मिली. मग विचारलंत, "सकाळचा डोस कोण देतं?" आई सकाळी सातच्या एसटीने कामाला जाते, डोस आजी देते. आजी बाकावर बसल्या होत्या. तुम्ही त्यांना पुढे बोलावलंत, आत्तापर्यंत कोणी बोलावलं नव्हतं.

५ मिलीची सिरिंज काढलीत, सुई बाजूला टाकलीत, काळ्या मार्करने ३.५ वर बारीक रेघ ओढलीत आणि रेघेवर पारदर्शक चिकटपट्टीचा एक वेढा दिलात. "रोज धुवायची आहे. उघडी रेघ चार दिवसांत पुसते आणि मग अंदाजाने देणं सुरू होतं." आजींना आकडे वाचता येत नाहीत, पण रेघ दिसते. दट्ट्याच्या काळ्या रबराची तोंडाकडची कड रेघेला टेकली पाहिजे, मागची नव्हे, हे तुम्ही नखाने दाखवलंत. बुडबुडा आला तर सिरिंज उभी धरायची, टिचकी मारायची, हवा बाहेर ढकलायची आणि परत ओढायचं, कारण अर्ध्या मिलीचा बुडबुडा म्हणजे २० मिलिग्रॅम औषध कमी. मग पेल्यात पाणी घेऊन आजींकडून तीनदा ओढून घेतलंत. पहिल्यांदा रेघेच्या पुढे गेलं. दुसऱ्यांदा बुडबुडा राहिला. तिसऱ्यांदा बरोबर रेघेवर थांबलं, आणि तुम्ही "झालं, आता तुम्हीच घरातल्या बाकीच्यांना शिकवा" म्हणालात. त्या घरात आज कोणीही डोस भरला की आजींना दाखवूनच देतो.

यात तुमची दहा मिनिटं गेली असतील. त्याचं मोल कळायला आधी काय चाललं होतं ते सांगावं लागेल.

आधीच्या ठिकाणच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं "१ चमचा सकाळ-संध्याकाळ". कुठला चमचा? घरातले चमचे कुठे ३ मिलीचे, कुठे ७ मिलीचे. म्हणजे त्याच मुलाला सकाळी १२० मिलिग्रॅम आणि रात्री २८०. कमी पडलं की पहाटे झटका, जास्त झालं की मूल दिवसभर पेंगतं, हात थरथरतात, शाळेतून तक्रार येते. आणि मग कागदावर काय उमटतं? "औषध लागू पडत नाही." त्याच्यावर दुसरं औषध चढतं, ते पुन्हा चमच्यानेच. दोष चमच्याचा होता, हे पाच-सहा महिने कोणी विचारलंसुद्धा नाही. नाव घेत नाही. पण ज्यांनी तो "१ चमचा" लिहिला आणि मान वर करून पाहिलं नाही, त्यांच्याबद्दल आमच्या मनात अजून राग आहे, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

दुसरा राग "तेच आहे हो, कंपनी वेगळी" या वाक्याचा. एका दुकानात हे ऐकून फेनिटॉइन या फिटवरच्याच दुसऱ्या औषधाची वेगळी बाटली घरी आली. फेनिटॉइनच्या पातळ औषधाच्या दोन ताकदी असतात. एकीत ५ मिलीला ३० मिलिग्रॅम, दुसरीत ५ मिलीला १२५. मिली तेवढेच दिले तर औषध चौपटीहून जास्त जातं. फेनिटॉइनचं तर आणखी वाईट. यकृत ते एका मर्यादेपर्यंतच हाताळतं, ती ओलांडली की डोस थोडा वाढला तरी रक्तातली पातळी एकदम उसळते. मूल दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खात चालायला लागतं, बुबुळं आडवी थरथरतात, ओकाऱ्या होतात. शिवाय ते औषध तळाशी बसतं. बाटली हलवली नाही तर वरचे डोस फिके आणि शेवटचे कडक. पहिल्या आठवड्यात फिट आणि शेवटच्या आठवड्यात झोकांड्या, असं दिसलं की बाटली न हलवल्याची शंका घ्यायची, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. तुम्ही प्रत्येक फेनिटॉइनच्या बाटलीच्या झाकणावर "हलवा" असं लाल पेनाने लिहिता. आणि कंपनी बदलावी लागलीच, तर जुनी आणि नवी बाटली शेजारी ठेवून मिलिग्रॅमचा आकडा आम्हाला मोठ्याने वाचायला लावता.

व्हॅल्प्रोएटच्या जोडीला लेव्हेटिरासेटम हे फिटचं आणखी एक औषध आलं तेव्हा हेच कामी आलं. त्याच्या सिरपमध्ये १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. व्हॅल्प्रोएटची ३.५ची सिरिंज चुकून त्यात बुडाली तर १४० ऐवजी ३५० जाणार. तुम्ही एका बाटलीला आणि तिच्या सिरिंजला निळी पट्टी लावलीत, दुसऱ्या जोडीला पिवळी. निळ्याला निळी, पिवळ्याला पिवळी. पाच वर्षांची मोठी बहीणसुद्धा आता चूक धरते. लेव्हेटिरासेटम सुरू झाल्यावर मूल चिडकं होईल, आदळआपट करेल, त्याला मारू नका, डॉक्टरांना सांगा, हेही तुम्हीच आधी सांगून ठेवलंत. त्या एका वाक्याने किती मुलं मारापासून वाचली असतील, याचा आम्ही पुष्कळदा विचार करतो.

आणि ते २८ दिवस. एका मुलीला फिट यायची ती महिन्याच्या अखेरीलाच. घरच्यांनी ते अमावस्येशी जोडलं होतं, उतारेही करून झाले होते. तुम्ही जुनी बिलं मागितलीत, तारखा एकाखाली एक लिहिल्यात. २०० मिलीची बाटली, दिवसाला ७ मिली, म्हणजे २८ दिवस. पगार महिन्याने. दर महिन्याला दोन-तीन दिवस मूल औषधाविना. आकडीचं औषध असं अचानक तुटलं की झटका नुसता परत येत नाही, लांबतो, थांबेनासा होतो. आता तुम्ही बाटलीवर तारीख घालता, "या दिवशी नवी आणा", संपायच्या आठ दिवस आधीची. हातात पैसे नसतील तरी या म्हणता. यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

पावसाळ्याचं तर आमच्याकडे कोणी बोलतच नव्हतं. कोकणातली हवा, जून ते सप्टेंबर मिठाला पाणी सुटतं. व्हॅल्प्रोएटची गोळी हवेतली ओल ओढून घेते, म्हणून पट्टीतून काढून आठवड्याच्या डबीत भरायची नाही, घ्यायच्या वेळीच पट्टी फोडायची. कार्बामॅझेपिन या फिटवरच्या औषधाच्या गोळ्या ओल लागून कडक होतात, पोटात नीट विरघळत नाहीत आणि त्यांचा परिणाम एक तृतीयांशाने किंवा त्याहून जास्त घटू शकतो. गोळी दिसायला तीच, डोस तोच, आणि फिट मात्र सुरू. मोरीजवळच्या फळीवरून औषधाचा डबा हलवायला तुम्ही किती जणांना सांगितलंत! हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून दुधात द्यायच्या नाहीत, हेही त्याच ओघात.

"दुसरं काय चालू आहे?" हा तुमचा प्रश्न आता आम्हाला पाठ झालाय. खोकल्याला दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन कार्बामॅझेपिनची पातळी वर नेतं, मूल गरगरतं. जुलाबाला सर्रास मिळणारं ऑफ्लॉक्सासिन आकडीच्या मुलाला झटक्याच्या जवळ नेऊ शकतं. व्हॅल्प्रोएट चालू असताना ताप उतरवायला ॲस्पिरिन नको. तुम्ही स्वतः औषध बदललं नाहीत, कधीच नाही. प्रत्येक वेळी डॉक्टरांना फोन लावलात आणि ते बोलेपर्यंत आम्हाला थांबवलंत. व्हॅल्प्रोएटवरचं लहान बाळ मलूल झालं, खाणं सोडलं, सारखं ओकायला लागलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता यकृताची तपासणी करून घ्या, असंही दोन वर्षांखालच्या प्रत्येक बाळाच्या आईला तुम्ही बजावता. मुली मोठ्या होत आल्या की हेच औषध पुढे ठेवायचं का, ते डॉक्टरांना विचारायची आठवण करता, कारण गरोदरपणात ते पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं.

डोस राहिला तर काय, उलटी झाली तर काय, याचा तुम्ही हाताने लिहिलेला कागद आमच्या बहुतेक घरांत औषधाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. आठवला की द्या, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर राहू द्या, दोन डोस एकदम कधीच नाही. पंधरा-वीस मिनिटांत सगळं उलटून पडलं तर पुन्हा द्या, तासाभराने उलटी झाली तर देऊ नका, मधल्या वेळेत झाली तर फोन करा. दोन वर्षं फिट आली नाही म्हणून आपल्या मनाने थांबवू नका, डॉक्टर काही महिन्यांत पायरीपायरीने उतरवतील. त्याच कागदाच्या मागे, झटका थांबवायला नाकात मारायच्या मिडाझोलामच्या फवाऱ्याचं. घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, नाकाशी कांदा-चप्पल नाही. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर फवारा. तुमच्याकडच्या बाटलीत एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम येतं, किलोमागे ०.२ धरून १४ किलोला २.८, म्हणून सहा फवारे, तीन एका नाकपुडीत, तीन दुसऱ्या. आणि मग ताबडतोब दवाखाना. नवी बाटली घेतली की तिथेच हवेत दाबून बघायला लावता, पहिले एक-दोन दाब कोरेच जातात म्हणून. ऐन झटक्यात हे कळलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

एक गोष्ट औषधाची नाही. तुम्ही "आकडी" हा शब्द आवाज खाली न आणता उच्चारता. खोकला म्हणावा तसा. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून देत नाही. आमच्यातल्या कित्येकांनी हा आजार नातेवाइकांपासून लपवलाय, मुलीचं पुढे कसं व्हायचं म्हणून. हिंदू विवाह कायद्यातून लग्नाच्या आड येणारा फेफऱ्याचा, म्हणजे आकडीचा, उल्लेख १९९९ सालीच काढून टाकलाय, हे तुम्ही एका बापाला भर काउंटरवर सांगितलंत. तो माणूस बाहेर येऊन पायरीवर बराच वेळ बसून होता. पुढच्या महिन्यात मुलीला घेऊन आला. त्याआधी तो कायम एकटाच यायचा. साधी माणुसकी म्हणतात ती आम्हाला अशी दिसली, औषधाच्या दुकानात, संध्याकाळच्या गर्दीत, वीज गेलेली असताना मोबाइलच्या उजेडात लेबल वाचताना. अशी माणसं प्रत्येक तालुक्यात असणार. त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत, आणि त्यांना त्याची पडलेलीही नसते. आम्हाला मात्र पडलेली आहे.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी एवढंच लिहितो की वरचे आकडे त्या त्या मुलाचे आहेत. तुमच्या मुलाचं वजन वेगळं, बाटली वेगळी, डोस तुमच्या डॉक्टरांचा. पण चिठ्ठी घेताना तीन गोष्टी लिहून मागा: मिलिग्रॅम किती, मिली किती, आणि बाटलीची ताकद किती.

ताई, ज्या मुलाच्या सिरिंजवर तुम्ही ती पहिली रेघ ओढलीत, ते परवा १६ किलो भरलं. डॉक्टरांनी दिवसाचे ३२० केलेत, म्हणजे रेघ आता ४ मिलीवर. आजी स्वतः येणार आहेत सोमवारी, दुपारच्या गाडीने. जुनी सिरिंज सोबत आणताहेत, कारण दोन रेघा एका डब्यात ठेवायच्या नाहीत असं तुम्ही बजावलं होतं. दिवसाला ८ मिली झाले, तेव्हा बाटली २५ दिवसच पुरेल. त्यावरची तारीखही बदलून द्या.

तुमचे,
खाडीच्या दोन्ही अंगांचे आम्ही सगळे