नवव्या प्रश्नावर अडलेला अर्ज

मा. आरोग्यमंत्री, ब्रिटन सरकार, लंडन यांस,
सा. न.

मी मूळची साताऱ्याची. लेस्टरमधल्या एका केअर होममध्ये रात्रपाळी करते. माझ्याबरोबर झिम्बाब्वेची एक बाई असते, वयानं मोठी, म्हणून मी तिला ताईच म्हणते. भाऊ गेल्यापासून तिची झोप उडाली आहे.

इथे समुपदेशनासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ऑनलाइन अर्ज करता येतो, ही सोय खरंच चांगली आहे. एका रात्री दोनच्या चहाला तिनं तो फोनवर भरायला घेतला. पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची यादी. आठ प्रश्न झाले. नववा मरणाच्या विचारांचा. तिनं माझ्याकडे बघितलं. "इथं 'हो' म्हटलं तर मला उचलून नेतील का गं?" मला सांगता येईना. तिनं फोन पालथा ठेवला आणि सहा नंबरच्या आजींना कूस बदलून द्यायला गेली.

साहेब, ही भीती उगाच नाही. 2022-23 मध्ये इंग्लंडात मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीनं दाखल होण्याचं कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे साडेतीन पट होतं. हे घराघरांत माहीत आहे. ते माहीत असलेलं माणूस स्क्रीनवर मन कसं मोकळं करणार?

ताईच्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे विचारांचा अतिरेक. आपल्याकडे बायका 'डोक्यात विचारांचं चक्र थांबत नाही' म्हणतात, तेच. हरारेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हाच शब्द धरून 2006 पासून दवाखान्याच्या आवारात बाकं मांडली आणि रुग्णांशी बोलायला त्यावर वस्तीतल्या आज्या बसवल्या. प्रश्नावलीसुद्धा शोनातच घडवलेली, चौदा प्रश्नांची. 573 रुग्णांच्या चाचणीत नैराश्य ठळकपणे कमी झालं, ते 2016 साली प्रसिद्धही झालं.

आरोग्यसेवेच्या जुलै 2025 च्या दहा वर्षांच्या आराखड्यात आपण सगळी सेवा डिजिटल करायला निघालात. जरूर करा. पण वांशिक समानतेची जी चौकट 2023 मध्ये मानसिक आरोग्य ट्रस्टांना, म्हणजे ही सेवा चालवणाऱ्या सरकारी संस्थांना, लागू झाली, ती ॲप विकत घेतानाही लावा. आफ्रिकन-कॅरिबियन वस्त्यांतल्या माणसांनी वापरून 'चालेल' म्हटल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि नवव्या प्रश्नाखाली साध्या शब्दांत लिहा, शोनातही लिहा: 'हो' म्हटल्यावर कोण फोन करेल, किती वेळात करेल, पोलिस येतात की नाही.

आपली,
लेस्टरमधली एक केअर वर्कर