भाजीचा ड्रॉवर आणि त्यावरचे झाकण यांच्या रचनेतील दोष: बदलाची व दुरुस्तीची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग
प्रत: उत्पादन रचना विभाग

विषय: डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीजमधील भाजीचा ड्रॉवर, त्यावरचे काचेचे झाकण आणि चिलरचे झाकण यांबाबत तक्रार

महोदय,

फ्रीजचे मॉडेल, अनुक्रमांक आणि खरेदीची पावती सोबत जोडली आहे. गारवा, कॉम्प्रेसर, आवाज किंवा वीजबिल यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती खालच्या भाजीच्या ड्रॉवरबद्दल आणि त्यावरच्या झाकणाबद्दल. आपल्या सेवा केंद्राने ‘ग्राहकाच्या हाताळणीमुळे ड्रॉवर तडकला, प्लास्टिक व काच वॉरंटीत येत नाही’ असा शेरा मारून ही तक्रार बंद केली आहे. हा शेरा मला मान्य नाही. इंजेक्शन मोल्डिंग, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरून भाग बनवणे, हा माझा रोजचा व्यवसाय आहे. त्यामुळे ड्रॉवर कुठे तडकला आणि तिथेच का तडकला, हे मापांसह लिहीत आहे. पत्र ज्यांच्या टेबलावर जाईल त्यांनी त्याच मॉडेलच्या फ्रीजसमोर मोजपट्टी घेऊन उभे राहावे, एवढीच अपेक्षा आहे.

ड्रॉवरची बाहेरची रुंदी ४७० मिमी, खोली ३४० मिमी आणि उंची १९० मिमी आहे. दार ९० अंशांत उघडले की दारातला बाटल्यांचा खालचा कप्पा ड्रॉवरच्या वाटेत ८५ मिमी आडवा येतो. ड्रॉवर जेमतेम ११० मिमी, म्हणजे एक तृतीयांश बाहेर येतो आणि त्याचा बिजागरीकडचा कोपरा त्या कप्प्यावर आपटतो. पूर्ण बाहेर काढायचा तर दार ११५ अंशांपर्यंत उघडावे लागते. दाराची रुंदी ६०० मिमी आहे. ते ९० अंशांच्या पुढे आणखी २५ अंश फिरले की त्याची कड फ्रीजच्या बाजूच्या रेषेबाहेर सुमारे २५० मिमी जाते. याचा अर्थ भिंत आणि फ्रीज यांमध्ये पाव मीटर जागा रिकामी हवी. आपल्या पुस्तिकेत मात्र बाजूला ५० मिमी जागा सोडा, इतकेच लिहिले आहे.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये फ्रीज कुठे असतो? ओट्याच्या टोकाला, एका बाजूने भिंतीला लागून, बिल्डरने ठेवलेल्या सव्वादोन-अडीच फुटांच्या कोनाड्यात. तिथे दार ९० अंशांवर भिंतीला टेकते. ज्या घरासाठी आपण हा फ्रीज विकता त्या घरात तो ड्रॉवर पूर्ण उघडतच नाही. शोरूममध्ये दोन्ही बाजूंनी मोकळ्या ठेवलेल्या फ्रीजवर हे कळण्याचा काही मार्ग नाही.

तडा जातो तो यातूनच. आठवड्याची भाजी भरली की या ड्रॉवरमध्ये आठ-नऊ किलो वजन असते. तो ज्या पट्टीवर सरकतो ती लायनरमध्येच (फ्रीजच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तरात) काढलेली प्लास्टिकची कड आहे, खाली रोलर नाही. ड्रॉवर अडला की माणूस साहजिकच तो किंचित तिरका करून ओढतो आणि सगळा जोर बिजागरीकडच्या पुढच्या कोपऱ्यावर येतो. त्या कोपऱ्यात प्लास्टिकची जाडी २.२ मिमी आहे आणि आतला रेडियस, म्हणजे कोपऱ्याच्या गोलाईची त्रिज्या, १ मिमीसुद्धा नाही. आतला रेडियस जाडीच्या निम्म्याहून कमी ठेवू नये आणि जिथे ओढ बसते तिथे तो जाडीइतका तरी असावा, हे साच्याच्या कामातले पहिल्या वर्षाचे ज्ञान आहे. वर याच कोपऱ्याला मुठीसाठी घेतलेली खाच येऊन मिळते. ताण एकवटायला आणखी काय हवे? छायाचित्र क्रमांक १ पाहा: तडा खाचेच्या टोकापासून सुरू होऊन तळाकडे गेला आहे. भांडे आदळून ड्रॉवर तडकला असता तर तडा आदळलेल्या जागेपासून चारही बाजूंना फुटला असता.

आता प्लास्टिक. ड्रॉवरच्या तळावर त्रिकोणात ६ हा आकडा आहे, म्हणजे हे पॉलिस्टायरीन. दिसायला काचेसारखे स्वच्छ, स्वस्त आणि साच्यात सहज भरणारे, पण ठिसूळ. शिवाय ताणाखाली असलेल्या पॉलिस्टायरीनला तेल-तूप लागले की त्यात केसासारखे बारीक तडे पडू लागतात. मराठी स्वयंपाकघरात फोडणीचे तेल लागलेला हात, ओल्या खोबऱ्याची वाटी, लोणच्याच्या बरणीचा ओघळ हे रोजचेच. ड्रॉवरच्या कडेला तेल लागणार, हे गृहीत धरूनच प्लास्टिक निवडायला हवे होते.

यावर आपले तंत्रज्ञ ‘पॉलिप्रॉपिलीन वापरू’ असे म्हणतील. साचा तोच ठेवून ते जमणार नाही. साच्यात थंड होताना पॉलिस्टायरीन साधारण अर्धा टक्का आकसते आणि पॉलिप्रॉपिलीन दीड टक्का किंवा त्याहून जास्त. ४७० मिमी रुंदीत हा फरक जवळपास ५ मिमी होतो. तेवढ्याने ड्रॉवर पट्टीवर डुगडुगेल, एका बाजूने घसरेलही. एसएएन (स्टायरीन-अ‍ॅक्रिलोनायट्राइल) या प्लास्टिकचे आकसणे मात्र पॉलिस्टायरीनच्या जवळचे आहे. तेही पारदर्शक आहे, त्याहून चिवट आहे आणि तेलाला जास्त टिकते. साचा तोच राहील, फक्त कोपऱ्यांचा रेडियस वाढवून घ्यावा लागेल. साच्यात पुरुष भागाची, म्हणजे ड्रॉवरच्या आतल्या बाजूला आकार देणाऱ्या भागाची, कड घासून गोल करायची, एवढेच हे काम आहे. त्यासाठी नवा साचा लागत नाही. माल महाग पडेल हे मान्य आहे, पण फुकट द्याव्या लागणाऱ्या ड्रॉवरपेक्षा नक्कीच स्वस्त पडेल.

ड्रॉवर अर्ध्याच्या पुढे ओढला की आणखी एक गोष्ट होते. वजन टेकूच्या पुढे जाते, पुढची बाजू खाली झुकते आणि मागची कड वर उचलली जाऊन काचेच्या चौकटीला खालून ठोकते. चौकटीच्या मागच्या ओठावर त्या घासण्याचे पांढरे व्रण दिसतात (छायाचित्र क्रमांक २). पुढे दोन्ही बाजूंना एकेक छोटा प्लास्टिकचा रोलर आणि मागे ड्रॉवर उचलला जाऊ नये म्हणून लायनरला वरून एक कड, एवढ्याने हे थांबेल. महागड्या स्टीलच्या चॅनेलची मागणी मी करत नाही. ओलाव्यात ते गंजतात आणि त्यांच्या खाचांत चिकटलेली भाजी निघत नाही.

झाकणाकडे येतो. ड्रॉवरला स्वतःचे झाकण नाही, वरचा काचेचा कप्पा हेच त्याचे झाकण आहे. त्यामुळे ड्रॉवर अडला आणि वरून हात घालायचा झाला तर आधी त्या काचेवरचे दुधाचे पातेले, दह्याचे भांडे, कणकेचा डबा असे सगळे उतरवावे लागते. भार पेलणे आणि झाकण होणे ही दोन कामे आपण एकाच तुकड्यावर टाकली आहेत. काच दोन भागांत करावी: मागचा दोन तृतीयांश भाग पक्का आणि भार घेणारा, पुढचा ११० मिमीचा भाग बिजागरीवर वर उघडणारा. दार ९० अंशांवर अडले तरी ११० मिमी बाहेर आलेल्या ड्रॉवरमध्ये वरून हात जाईल आणि तळाशी राहिलेले लिंबूसुद्धा काढता येईल. या उपायाला किंमत आहे: पुढच्या पट्टीवर काही ठेवता येणार नाही आणि तिच्या वर ११० मिमी उंची मोकळी राहायला हवी. तरीही माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे, कारण भाजीसाठी दिवसातून चार वेळा हात घालावा लागतो.

दुसरा मार्ग ड्रॉवर अरुंद करण्याचा. बिजागरीकडे ८५ मिमी सोडून ड्रॉवर ३८५ मिमी रुंद केला तर तो ९० अंशांतही पूर्ण बाहेर येतो. यात सुमारे साडेपाच लिटर जागा ड्रॉवरमधून जाते. म्हणूनच तो आपण केला नसावा, असा माझा तर्क आहे. लेबलावर लिटर छापले जातात, हात पोहोचतो की नाही ते छापले जात नाही. पण ती जागाही वाया जाण्याचे कारण नाही. तिथे पुढून उघडा, उभा कप्पा द्या. आले, लसूण, मिरच्या, लिंबे, कढीपत्ता अशा किरकोळ वस्तूंना तो चांगला उपयोगी पडेल आणि मेथीच्या जुडीखाली त्यांची शोधाशोध करावी लागणार नाही.

सगळ्यात जास्त हरकत मला त्या ओलावा-नियंत्रणाच्या सरकपट्टीवर आहे. जाहिरातीत ती ठळक दाखवली आहे. पट्टी पूर्ण उघडली की २० × ५ मिमीची पाच छिद्रे उघडतात, म्हणजे एकूण ५ चौरस सेंमी. ड्रॉवरची पुढची कड आणि काचेची चौकट यांत मात्र सगळ्या रुंदीभर ६ मिमीची फट आहे. ४७० × ६ मिमी म्हणजे २८ चौरस सेंमी. पट्टी बंद केली तरी तिच्या साडेपाच पट मोठी वाट कायम उघडीच राहते! पट्टी कुठेही सरकवली तरी आत काही बदलत नाही. मेथी, पालक, कोथिंबीर यांना ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमधली फिरती कोरडी हवा त्या फटीतून शिरते आणि पालेभाजी माना टाकते. चौकटीच्या खालच्या बाजूला चारही कडांनी मऊ सिलिकॉनचा ओठ लावला तरच त्या पट्टीला अर्थ आहे.

ओठ लावला की काचेखाली पाणी धरेल, हेही आत्ताच लक्षात घ्या. भाजीतून निघालेली वाफ गार काचेला लागून थेंब होते आणि थेंब थेट कोथिंबिरीवर पडून ती सडते. म्हणून काचेला मागच्या बाजूला दोन अंशांचा उतार द्यावा आणि ड्रॉवरच्या तळाला ५ मिमी उंचीच्या पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे पाणी खाली आणि भाजी वर राहील. वरचा कप्पा समपातळीत राहावा म्हणून उतार खालच्या वेगळ्या पातळ पत्र्याला दिला तरी चालेल.

एकच मोठा ड्रॉवर हेही मुळात चूक आहे. सफरचंद, चिकू, पिकलेला आंबा यांतून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारची पालेभाजी पिवळी पडते. भेंडी, काकडी, वांगी यांना ७-८ अंशांखालचा गारवा सोसत नाही, तर पालेभाजीला शून्याच्या जितके जवळ तितके बरे. मध्ये एक काढता येणारा पडदा आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र सरकपट्टी एवढे तरी हवेच.

काचेच्या चौकटीला कड नाही. वरच्या कप्प्यात दूध सांडले की ते सांध्यातून झिरपून सरळ भाजीत उतरते. चौकटीला फक्त ३ मिमीची उभी, गोलसर कड दिली तर ४७० × ३४० मिमीच्या काचेवर जवळजवळ अर्धा लिटर दूध अडते. चिलरच्या झाकणाचे थोडक्यात सांगतो: ते खाली पडून उघडते, त्यामुळे खालच्या कप्प्यातल्या उंच पातेल्याला अडते. ते वर उघडून आत सरकणारे हवे. त्याच्या ४ मिमीच्या खुंट्याही फार नाजूक आहेत.

सुट्या भागांचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. सेवा केंद्र तडकलेला ड्रॉवर एकटा देत नाही, काच व चौकटीसह पूर्ण संच घ्यावा लागतो. काच फुटली तरी तेच. मग लोक गल्लीतल्या काचवाल्याकडून साधी काच कापून बसवतात. टफन केलेली (तापवून झटकन गार करून मजबूत केलेली) काच नंतर कापता येत नाही, आधी मापाला कापून, कडा घासून मगच ती टफन करावी लागते. त्यामुळे दुकानात तयार मिळते ती साधीच काच, आणि ती फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे होतात. खाली भाजी निवडायला बसलेल्या माणसाच्या हातावर ते पडू शकतात. ही जोखीम आपल्या विक्रीधोरणातून तयार झाली आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘दोष’ या संज्ञेत विक्रेत्याने केलेल्या दाव्याच्या तुलनेत वस्तूत असलेली उणीवही येते. ‘सहज निघणारा ड्रॉवर’ आणि ‘ओलावा-नियंत्रण’ हे दोन्ही दावे आपल्या माहितीपत्रकात छापलेले आहेत. ते दोन्ही वरील मापांवर टिकत नाहीत.

माझी मागणी अशी. तडकलेला ड्रॉवर विनामूल्य बदलून द्यावा आणि तो त्याच पॉलिस्टायरीनचा, त्याच कोपऱ्यांचा नसावा. तसा तयार नसेल तर तोवर सध्याचा द्यावा आणि सुधारित भाग आल्यावर पुन्हा बदलून द्यावा. चौकटीसाठी सिलिकॉनचा ओठ सुटा उपलब्ध करावा. ड्रॉवर, काच आणि चौकट यांचे वेगवेगळे भाग क्रमांक व किमती पुस्तिकेत आणि संकेतस्थळावर द्याव्यात. पुस्तिकेत दार किती अंश उघडल्यावर ड्रॉवर निघतो आणि त्यासाठी बाजूला किती मिमी जागा हवी, हे आकृतीसह छापावे. शोरूममधल्या प्रत्येक नमुन्यावर हेच माप लावावे, म्हणजे गिऱ्हाईक घरचा कोनाडा मोजून खरेदी करेल. ‘हाताळणीमुळे’ हा शेरा माझ्या तक्रारीच्या नोंदीतून काढून तसे लेखी कळवावे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. त्याआधी आपल्या रचना विभागातले कोणी मापे तपासायला येणार असतील तर फ्रीज आहे त्या जागी, भिंतीला लागून, भाजी भरलेल्या स्थितीत दाखवण्याची माझी तयारी आहे. येताना रिकाम्या ड्रॉवरवर नव्हे, नऊ किलो वजनावर चाचणी घेण्याच्या तयारीने यावे.

आपला,
(सही)
ग्राहक, पुणे

सोबत: खरेदीची पावती, सेवा केंद्राच्या शेऱ्याची प्रत, मापांची आकृती, छायाचित्रे १ व २