सडा राखणाऱ्यालाही अनुदान हवं : फलोत्पादन मंत्र्यांना खुले पत्र

मा. फलोत्पादन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातला आंबा-काजू बागायतदार. 1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा वडिलांनी अनुदानावर वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत कलमं लावली. त्या कलमांनी आमचं घर सावरलं, बहिणींची लग्नं झाली. त्यामुळे अनुदान बंद करा, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण वरकस भरली तसे आम्ही सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर चढलो. आधी सुरुंग लावून खड्डे पाडले, आता कातळ फोडणारं यंत्र, ब्रेकर येतो. बाहेरची माती भरायची आणि कलम लावायचं. कागदोपत्री ही पडीक जमीन. पावसाळ्यात याच पडिकावर बोटभर मातीत सीतेची आसवं ही रानफुलं जांभळी पसरतात, डबक्यांत बेडूक अंडी घालतात, गौरीचा तेरडा आमच्या वाडीत इथूनच येतो. सीतेची आसवं कीटक खाऊन जगतात, कारण कातळावरच्या मातीत नत्र नसल्यासारखंच. आणि त्यांच्या शेजारी आम्ही युरिया टाकतो. अनुदानामुळे 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, म्हणून हातही सैल सुटतो.

2018 च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणाला 10 हेक्टरपर्यंत मुभा आहे. पैसे 50, 30, 20 टक्के असे तीन वर्षांत मिळतात, तेही किती कलमं जगली ते बघून. खड्डा पाडण्याआधी तिथे काय जगत होतं, ते कुणी विचारत नाही.

याचा व्यापाराशी काय संबंध, असं आपण म्हणाल. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने फळमाशीमुळे आपला आंबा बंद केला, ती बंदी जानेवारी 2015 मध्ये उठवली. बाजार गेला म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. आज भीती फळात उरणाऱ्या कीटकनाशकाच्या अंशाची आहे. तुडतुडे, फुलकिडे यांच्यासाठी आम्ही मोहरावर फवारतो, त्यात परागीभवन करणाऱ्या माश्या आणि सातेरी मधमाश्याही मरतात. फळ कमी धरतं, आणि अंश जास्त निघाला तर पेटी परत.

मागणी अशी : सडा फळबाग लागवडीतून वगळा, आणि जो तो राखेल त्याला बुडालेल्या उत्पन्नापोटी हेक्टरी रक्कम द्या. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी करारात पर्यावरण कार्यक्रमातली अशी भरपाई चालते. डिसेंबर 2022 च्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्यात 2030 पर्यंत निसर्गाला घातक अनुदानं वर्षाला किमान 500 अब्ज डॉलरनी कमी करायचं ठरलं आहे. त्यात भारतही आहे.

आमच्या वाट्याचा दीड एकर सडा अजून शाबूत आहे. शेजाऱ्याचा ब्रेकर दिवाळीनंतर येणार. भाऊ म्हणतो, आपणही अर्ज भरून टाकू. त्याला थांब म्हणायला माझ्या हातात आज काहीच नाही. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक बागायतदार