बंद न पडलेली गाडी

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

इकडची माझी गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचचे पेडल नसलेली, आहे हे फोनवर सांगितले होते. ती नुसती सुरू करायला शिकण्यात माझा आठवडा गेला, हे मात्र सांगायचे टाळले. गिअर हलवून न्यूट्रलची खात्री करायची, क्लच दाबायचा, मग चावी फिरवायची, हा तुम्ही घालून दिलेला क्रम हातापायांत इतका मुरला आहे की चावीच्या जागी बटण दिसताच मी ते सरळ दाबले. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, रेडिओ वाजू लागला, इंजिन मात्र हूं की चूं करेना. गिअरचा लिव्हर ‘पी’वर, म्हणजे ‘पार्क’वर, आणि पाय ब्रेकवर घट्ट असल्याखेरीज ते जागे होत नाही.

खरी फजिती सिग्नलवर झाली. गाडी थांबताच इंजिन गप्प झाले, आणि ते बंद पडले असे समजून मी घाईने बटण दाबले. तोवर केवळ विसावलेली गाडी माझ्या त्या बटणाने खरोखरच बंद झाली. मागे हॉर्नचा कल्लोळ! इंधन वाचावे म्हणून थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होते आणि ब्रेकवरचा पाय उचलताच पुन्हा सुरू होते, हे मला नंतर उमगले. वारंवार सुरू होण्याचा ताण सोसावा म्हणून अशा गाड्यांचा स्टार्टर आणि बॅटरी मुळातच दणकट असतात, तेव्हा त्याची काळजी करू नये. इंजिन थंड असले किंवा बॅटरी उतरलेली असली, तर ते बंद होतच नाही. ही सोय थांबवणारे बटणही आहे, परंतु पुढच्या वेळी गाडी सुरू केली की ती सोय पुन्हा चालू झालेली असते. म्हणून मी तो नाद सोडला.

तुम्ही मला इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखायला शिकवलेत, आणि इथे नेमका कानच दगा देतो. परवा गाडी उभी करून, सगळे शांत आहे म्हणून मी पट्टा सोडला आणि दार उघडले, तर गाडीने कर्कश शिट्टी घातली, कारण लिव्हर अजून ‘डी’वरच, म्हणजे गाडी पुढे नेणाऱ्या ‘ड्राइव्ह’वरच, होता. आता उतरण्यापूर्वी कानांवर न विसंबता लिव्हर ‘पी’वर नेते, हँडब्रेक लावते आणि बटण दाबून डॅशबोर्डवरचे दिवे विझलेले डोळ्यांनी पाहते.

तुम्ही आलात की गाडी तुमच्याच हाती देईन. फक्त डावा पाय मागे घेऊन बसा, कारण क्लच समजून तो ब्रेकवर पडला, तर आईचे कपाळ डॅशबोर्डवर आपटायचे.

तिला सांगा, मी सांभाळून चालवते.

तुमची,
मनू