गुरूच्या रेडिओ वादळांच्या वेळाही छापाव्यात

महोदय,

आपल्या दैनिकातील आकाशदर्शनाच्या सदरात गुरूच्या उदय-अस्ताची माहिती नियमित येते. त्याच सदरात गुरूकडून येणाऱ्या रेडिओ वादळांच्या, म्हणजे रेडिओ लहरींच्या जोरदार उफाळ्यांच्या, संभाव्य वेळाही द्याव्यात, अशी माझी विनंती आहे.

1955 मध्ये बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन हे खगोलशास्त्रज्ञ अमेरिकेतील मेरीलँड येथे 22.2 मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी करीत होते. त्यांच्या नोंदींत वारंवार उमटणाऱ्या खरखरीची जागा ताऱ्यांच्या तुलनेत सरकत होती, आणि ते सरकणे नेमके गुरूच्या गतीशी जुळले. पुढे 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातील ई. के. बिग यांनी दाखवून दिले की, यातील अनेक वादळे गुरूचा आयो हा चंद्र आपल्या कक्षेत ठरावीक ठिकाणी असतानाच येतात. गुरू आपल्या चुंबकीय क्षेत्रासह दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, तर आयोला एका प्रदक्षिणेला साडेबेचाळीस तास लागतात. त्यामुळे ते क्षेत्र आयोला सतत मागे टाकत जाते, त्यातून प्रचंड विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि गुरूच्या ध्रुवांकडे धावणारे इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडतात. या लहरी पोकळ शंकूच्या आकारात पसरत असल्याने, शंकूची कड पृथ्वीवरून जाते तेव्हाच त्या आपल्यापर्यंत पोहोचतात. म्हणूनच वेळेचा अंदाज बांधता येतो, हमी मात्र देता येत नाही.

ही वादळे 40 मेगाहर्ट्झच्या वर सापडत नाहीत. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, जी 100 मेगाहर्ट्झच्या वरच काम करते, ती यासाठी उपयोगाची नाही. उलट सुमारे सात मीटर लांबीचा तारेचा साधा द्विध्रुव (मधोमध दोन भाग केलेला) अँटेना आणि 20 मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा शॉर्टवेव्ह रिसीव्हर एवढ्यावर महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना ती टिपता येतात. काही वेळा लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट येतो, त्यातला एकेक स्फोट सेकंदाच्या काही शतांश भागापुरताच टिकतो.

खरी अडचण गोंगाटाची आहे. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, सौर इन्व्हर्टर यांची खरखर याच पट्ट्यात येते, आणि एकट्या केंद्रावर ती गुरूपासून वेगळी काढणे कठीण जाते. परंतु संगमनेर आणि सावंतवाडी येथे एकाच वेळी नोंद घेतली, तर स्थानिक खरखर एकाच नोंदीत दिसेल आणि गुरूचे वादळ दोन्हींत. त्यासाठी सर्वांना एकच वेळापत्रक हवे, आणि ते गावोगावी पोहोचवणे वृत्तपत्राला सहज शक्य आहे. गुरूच्या प्रतियुतीच्या (पृथ्वीवरून पाहता गुरू सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतो, त्या काळाच्या) आसपासच्या महिन्यांत, मध्यरात्रीनंतरच्या वेळांपासून याची सुरुवात करता येईल.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक