शिडाची नाव विकत घेण्याआधी, तुम्हा दोघांसाठी

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं, फोटोही पाहिले. नाव अजून टेकूंवर उभी आहे, पण तू आणि रेवती मनानं कधीच पाण्यात उतरलात हे पत्रातल्या तिसऱ्या ओळीतच कळलं. आता माझ्याकडून तुला नुसता होकार हवाय. तो मी सुखासुखी देणार नाही. तीस फुटी, १९७० च्या दशकातली फायबरग्लासची शिडाची नाव, चालवायला दोनच माणसं आणि हातात फक्त शनिवार-रविवार. विनय आणि मी याच वाटेनं चाललोय, त्यामुळे चार गोष्टी हक्कानं सांगते. आगाऊपणा वाटला तर वाटू दे.

नावेच्या वयाला घाबरू नकोस. त्या काळात फायबरग्लास नवं होतं, किती जाडी पुरेल याचा नेमका अंदाज नव्हता, म्हणून बऱ्याच कारखान्यांनी हातचं राखून जाड थर दिले. असं हल, म्हणजे नावेचं कवच, पन्नास वर्षांनीही टणक निघतं. पाण्याखालच्या भागावर फोड दिसले तरी लगेच हाय खायची नाही. रेझिनमध्ये हळूहळू पाणी मुरलं की ते येतात, आणि बहुतेक वेळा दुखणं वरवरचं असतं. खरी मेख डेकमध्ये आहे. फायबरग्लासचे दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये बाल्सा किंवा प्लायवुड, अशी त्याची रचना असते. कठड्याचे खांब, विंच (दोर ताणायचे रहाट), कड्या, सगळं त्यातून आरपार बोल्ट मारून बसवलेलं. बोल्टभोवतीचं सीलंट वाळून भेगाळलं की पाणी आत शिरतं आणि मधलं लाकूड कुजायला लागतं. वरून मात्र रंग चकाचक.

म्हणून पुढच्या खेपेला जाताना प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर आणि खडू घेऊन जा. मुठीनं वीतवीतभर अंतरावर डेक ठोकत चल. आवाज टणटणीत येतो तोवर ठीक. जिथं तो दबेल, बद्द होईल, तिथं खूण कर. डोलकाठीच्या बुडाशी, खांबांच्या पायांशी आणि बाजूच्या तारा धरणाऱ्या चेनप्लेट जिथं डेकमधून खाली उतरतात तिथं जरा जास्तच रेंगाळ. सगळं ठोकून झालं की चार पावलं मागे सरकून बघ. एकदोन ठिकाणी खुणा असतील तर ते एखाद्या हंगामाचं काम. डेकभर खुणा दिसल्या तर मालक कितीही गोड बोलला तरी गुमान परत ये.

डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या ते विचार, आणि तोंडी उत्तरावर न जाता पावती माग. स्टेनलेसच्या तारांचं आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षं धरतात. स्टेनलेस गंजतच नाही असं आपण समजतो, पण त्याच्यावरचा संरक्षक पापुद्रा टिकायला ऑक्सिजन लागतो. डेकच्या पोटात, ओल धरलेल्या फटीत दडलेल्या चेनप्लेटला तो मिळत नाही आणि ती नेमकी न दिसणाऱ्या जागी खाल्ली जाते. वरचा चकाकणारा भाग बघून समाधान मानू नकोस, आतून पॅनेल काढून बघ. तारांवरून कापसाचा बोळा फिरव. केसाएवढा एखादा पदर तुटला असेल तरी कापूस तिथं अडकतो. बोट फिरवायला जाऊ नकोस, रक्त निघतं.

आता समजा घेतलीत. पहिल्याच महिन्यात कामांची यादी इतकी वाढेल की काय आधी आणि काय नंतर यावरूनच तुमची पहिली खडाजंगी होईल. विनयला चमकणाऱ्या गोष्टींचा भारी सोस. लाकडाला व्हार्निशचे थर चढवायला त्याला कुणी सांगावं लागत नाही, पण बिल्जमध्ये, म्हणजे तळाशी पाणी साचतं त्या कप्प्यात, डोकं घालायचं म्हटलं की पाठ धरते. त्यावर आम्ही एक कसोटी ठरवली. कशानं नाव बुडेल, कशानं डोलकाठी पडेल, कशानं आग लागेल, या तीन प्रश्नांत जे बसतं ते आधी. उरलेलं सगळं ‘बाकी’. व्हार्निश ‘बाकी’त जातं, आणि त्यावर दर हंगामात अपील होतं.

बुडण्याचं म्हणशील तर डोळ्यांपुढे वादळ येतं. प्रत्यक्षात कितीतरी नावा धक्क्याला बांधलेल्या असतानाच बुडतात, एखादी रबरी नळी निसटून. हलमधून आरपार जाणारी जेवढी भोकं आहेत, इंजिनाला पाणी घेणारं, सिंकचं, संडासाचं, त्या प्रत्येकावर एक कॉक असतो, सीकॉक. दोन फूट खोलीवर दीड इंचाचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला शंभराच्या वर लिटर पाणी आत येतं. हातपंपानं ते उपसणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून प्रत्येक सीकॉकचा दांडा महिन्यातून एकदा तरी उघडबंद करायचा. एरवी तो जागीच जाम होतो आणि हवा तेव्हा हलत नाही. नळीवर शक्य तिथं दोन क्लिपा, आणि शेजारीच दोरीनं बांधलेली निमुळती लाकडी खुंटी, भोकात ठोकता येईल अशी. आमच्याकडे एक सीकॉक जुन्या मालकाच्या हातचा पितळी होता. मी पान्यानं अंगावर जरा खरवडलं तर आतला धातू पिवळा नव्हता, गुलाबी होता. खाऱ्या पाण्यात साध्या पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा राहतो. विनयनं हातोडीनं हलकेच टिचकी मारली आणि त्याचा तुकडा हातात आला. तेव्हा नाव जमिनीवर होती हे नशीब. तिथं ब्राँझचा बसवला. गुलाबी रंग तेवढा लक्षात ठेव.

इंजिन हा माझा प्रांत. कारण अगदी साधं आहे, त्या कप्प्यात विनयचा हात मावत नाही. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपात इम्पेलर नावाचं रबरी पात्यांचं चाक असतं. पंप काही सेकंद कोरडा फिरला तरी पाती जळतात. झाकणाचे बारीक स्क्रू एका हातानं, न बघता काढायचे आणि ते बिल्जमध्ये पडू नयेत म्हणून खाली फडकं अंथरायचं. जुनं चाक बाहेर आलं की आधी पाती मोजायची. एक कमी भरलं तर ते तुटून पुढे पाण्याच्या वाटेत कुठंतरी अडकलेलं असणार. ते शोधल्याशिवाय नवं चाक बसवून उपयोग नाही, इंजिन पुन्हा तापणारच. हे काम मी शिकले, मग विनयलाही शिकायला लावलं. त्यानं हात वेडावाकडा करून, शिव्या घालत का होईना, स्वतः बसवलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. जोडप्यांमध्ये आपोआप वाटणी होते. एक जण सुकाणू धरतो, दुसरी दोर ओढते. एक जण इंजिन बघतो, दुसरी आतलं सांभाळते. ही वाटणी घरात चालून जाते. पाण्यावर मात्र दोघांपैकी एक जण पडला की नावेवर एकच माणूस उरतं, आणि नाव वळवून परत आणण्याचं काम त्याच्यावर येतं. ते नेमकं ज्याला सुकाणू येत नाही तेच असलं तर? पुरुषाला सगळं येतं आणि बायकोला दोर गुंडाळता येतात, अशा नावा मी पुष्कळ पाहिल्यात. त्यांच्यावर मी पाहुणी म्हणूनही जात नाही. आम्ही शनिवारी आणि रविवारी कामं अदलाबदल करतो. फेंडरला, म्हणजे धक्क्याला घासू नये म्हणून नावेच्या बाजूला टांगतात त्या फुग्याला, पाणी भरलेली बादली बांधून न सांगता पाण्यात टाकायची आणि सुकाणूवर जो असेल त्यानं ती परत आणायची, हा आमचा खेळ आहे. पडलेल्यापर्यंत नाव नेणं जमतं. ओलं माणूस वर काढणं खरं अवघड. त्यासाठी शिडी किंवा डोलकाठीवरून येणारा दोर आणि विंच कसा वापरायचा ते धक्क्याला असतानाच करून बघा, एकमेकांना उचलून. हसाल खूप, पण करा.

दुसरा नियम रीफचा. दोघांपैकी कुणीही ‘रीफ घेऊया’ म्हटलं की शीड लहान करायचं. चर्चा नाही, टोमणा नाही, नंतर ‘बघ, काही गरज नव्हती’ नाही. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टनं १८०५ मध्ये वाऱ्याची श्रेणी मांडली तेव्हा तिच्यात वेगाचे आकडे नव्हते. कितव्या वाऱ्यात युद्धनौकेवर किती शिडं ठेवता येतील यावरून त्यानं वारा मोजला, आकडे मागाहून चिकटले. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. शिडावरचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे १० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा १४ झाला की जोर जवळपास दुप्पट. सुकाणूवर बसलेल्याला हा बदल उशिरा कळतो, कारण तो हळूहळू त्याला सरावतो. पुढे दोर हाताळणाऱ्याला आधी कळतो. ज्याला आधी कळतो त्याचं ऐकायचं.

आणि ओरडायचं नाही. वाऱ्यात शब्द उडून जातात, पोहोचतो तो फक्त सूर, आणि सूर नेहमी रागाचाच वाटतो. नांगर टाकताना एक जण नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, दुसरा मागे इंजिनापाशी, मधे तीस फूट. आम्ही हाताच्या खुणा ठरवल्यात: पुढे, मागे, न्यूट्रल, थांब, टाकला. धक्क्यावरच्या लोकांना आमची नाव हल्ली कंटाळवाणी वाटत असेल. नांगराच्या साखळीची लांबी मात्र मोजूनच सोडा. पाण्याची खोली अधिक नाळेची उंची, त्याच्या निदान पाचपट साखळी. नुसता दोर असेल तर सातपट. भरतीचं पाणी वाढणार असेल तर ते आधीच धरा.

शिडांबद्दल थोडक्यात. कापडाच्या आधी उन्हानं शिवण जाते. नखानं टाके उचकटून बघ, सुटले तर आख्खी शिवण पुन्हा मारून घे. नावेखालचे जस्ताचे तुकडे अर्धे झिजले की बदलायचे. ते झिजतात म्हणून नाव ढकलणारा पाण्यातला पंखा शाबूत राहतो.

सुध्या, शेवटचं सांगते आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाऱ्यापेक्षा मला सोमवारची भीती जास्त वाटते. पाण्याला टेकलेली लांबी २५ फूट असेल तर तुमच्या नावेचा वेग फार तर ६.७ नॉटच्या आसपास जाऊन अडतो. सरासरी पाच धर. सहा तासांत तीस सागरी मैल, तेही वारा मनासारखा असेल तर. वाऱ्याच्या तोंडी जायचं तर दोन्हीकडे पंचेचाळीस अंशांत वळणं घेत जावं लागतं, म्हणजे वीस मैलांचे अठ्ठावीस होतात. शनिवारी वारा पाठीशी घेऊन मजेत लांब जायचं आणि रविवारी तोच वारा तोंडावर घेऊन, ‘उद्या नऊला हजर व्हायचंय’ म्हणत नको त्या हवेत निघायचं, हा शनिवार-रविवारच्या नाविकांचा नेहमीचा सापळा आहे. म्हणून आम्ही वाऱ्याचा अंदाज बघून पहिल्या दिवशी अवघड बाजू उरकतो. रविवारी हवा बिघडली तर नाव आहे तिथंच सुरक्षित बांधून रस्त्यानं घरी जातो आणि पुढच्या आठवड्यात ती आणतो. ते कटकटीचं असतं, लोक हसतात. तुमच्या दोघांच्या नोकऱ्यांत एखादा सोमवार बुडवायची सोय आहे का, हे नाव बघण्याआधी बघायला हवं होतं. अजूनही वेळ गेलेली नाही.

आणखी एक. कामाचा शनिवार आणि फिरायचा शनिवार एक करू नका. ‘सकाळी पंप बदलू, दुपारी निघू’ असं म्हटलं की पंप धड बदलला जात नाही आणि दुपारी धड निघणंही होत नाही. आम्ही हंगामाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर कोणते आठवडे पान्याचे आणि कोणते शिडाचे ते लिहून टाकतो. अडीअडचणीनं फेरफार होतात, पण भांडायला कागद असतो.

मग घ्यावी की नाही? डेक टणटणीत निघालं, तारांची पावती मिळाली आणि एखाद्या जाणत्या सर्व्हेयरनं ती पाण्याबाहेर असताना नीट तपासली, तर घ्या. माझा होकार आहे. पण पैसे देण्याआधी दोघंही दोन दिवस आमच्या नावेवर या. भांडलात तरी चालेल. फक्त उतरताना आमचे सीकॉक कुठं कुठं आहेत हे मी तुला आणि रेवतीला वेगवेगळं विचारणार आहे.

तुझी,
शुभा